प्रोसेसर २.४, वाय-फाय २.४, माउसही २.४: कोण कोणाच्या पायात येतंय?

उंदीरत्रस्त

नमस्कार मंडळी. मी भाषांतराचं काम करते, आकड्यांशी माझा संबंध शब्द मोजण्यापुरता. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचा वेग २.४ गिगाहर्ट्झ असा छापलाय. वाय-फायच्या यादीत माझ्याच राऊटरची दोन नावं दिसतात, एकापुढे २.४ आणि दुसऱ्यापुढे ५. बिनतारी माउसच्या पोटावरच्या लेबलवरही २.४ गिगाहर्ट्झ. इतके दिवस हे सगळं वाचून सोडून देत होते. गेल्या आठवड्यापासून मात्र माउसने उच्छाद मांडलाय. कर्सर चालता चालता थबकतो आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच जाऊन बसतो. एक शब्द निवडायला जावं तर अख्खा परिच्छेद निळा होतो. बॅटरी बदलली, माउसखालचं पॅड बदललं, एकदा तर माउसच बदलला. नवाही तसाच.

दोन दिवस लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की हे कायम होत नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवर जुन्या फायली उतरवायला लावल्या की होतं. त्या वेळी पंखा घोंघावायला लागतो, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग चढलेला दिसतो (३.८ पर्यंत, निवांत असताना ०.८ सुद्धा पाहिलाय, मग खोक्यावरचे २.४ कुठले?) आणि वाय-फायही रखडतं.

माझा तर्क असा: तिघेही २.४ वर. प्रोसेसर जोरात धावायला लागला की एकाच वाटेवरच्या बाकी दोघांना तुडवतो. बरोबर आहे का?

मग वाटलं, वाय-फाय तरी ५ वर न्यावं. पण प्रोसेसर २.४ चा असताना त्याला ५ चं वाय-फाय झेपेल का? की त्यासाठी ५ चा प्रोसेसर लागतो?

बिनधास्त_बंड्या

ताई, तर्क शंभर टक्के बरोबर. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसर १.८ वर बांधून टाका, म्हणजे तो माउसच्या वाटेतून बाजूला होईल. ते जमत नसेल तर लॅपटॉपच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद चिकटवा, लहरी आतल्या आत राहतील. आणि ५ वालं वाय-फाय म्हणजे ५जी, त्याला ५जी वालाच लॅपटॉप लागणार.

कथील_रोझीन

बंड्या, तो कागद आधी बाजूला ठेव. बरेचसे लॅपटॉप तळातूनच श्वास घेतात.

ताई, तुमचं निरीक्षण पक्कं आहे, आरोपी मात्र चुकीचा धरलाय. प्रोसेसर घटनास्थळी हजर होता, एवढंच.

थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर माझा घसा अनेकदा कोरडा झालाय. उपकरण विक्रीला जाण्याआधी त्यातून किती रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो हे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली. भिंतीभर काळ्या फेसाचे सुळके असलेली बंद खोली, मधे संथ फिरणारं गोल टेबल, त्यावर कुणाचं तरी बिचारं यंत्र आणि तीन मीटरवर अँटेना. आम्ही बाहेर बसून पडद्यावर सुळके बघायचे आणि कुठला सुळका कोणाचा हे ओळखायचं.

आधी तो शब्द. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एकदा. काय एकदा, हे त्या शब्दात कुठेच सांगितलेलं नाही. पंख्याचा फेरा, तारेचं कंपन, हृदयाचा ठोका, काहीही हर्ट्झमध्ये मोजा. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे कुठलीतरी गोष्ट सेकंदाला २४० कोटी वेळा होतेय. प्रोसेसरमधली ती गोष्ट वेगळी आणि वाय-फायमधली वेगळी.

प्रोसेसरमध्ये ती लय आहे. आत कोट्यवधी स्विच आहेत, त्यांनी पाऊल कधी उचलायचं हे ठरवणारा ठोका. वाय-फायमध्ये ती पट्टी आहे, गायकाची असते तशी. तबलजी कोणत्या लयीत वाजवतोय आणि गायक कोणत्या पट्टीत गातोय या दोन गोष्टींचा आपण कधी घोळ घालत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्यापेक्षा पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याचं गाणं लवकर संपत नाही. वाय-फायच्या बाबतीत मात्र सगळे तेच समजून चालतात, ५ म्हणजे २.४ च्या दुप्पट वेगवान. राऊटरच्या खोक्यावर कोणी ‘पट्टी’ असा शब्द छापला असता तर निम्मे प्रश्न उगवलेच नसते.

आता तुमच्या ‘झेपेल का’ या प्रश्नाकडे येतो. थोडा इतिहास पाहिला की त्याचं उत्तर आपोआप मिळतं. २.४ चा हा पट्टा, म्हणजे त्या आकड्याच्या आसपासच्या सगळ्या वारंवारता, १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत कारखाने, विज्ञान आणि वैद्यक यांच्या कामासाठी राखून ठेवला गेला. तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते मुख्यतः लहरींनी वस्तू तापवणं. ती परिषद त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आटोपली आणि पहिला ट्रान्झिस्टर चालला डिसेंबरात. म्हणजे पट्टा ठरला तेव्हा प्रोसेसर सोडाच, तो ज्याचा बनतो ती चीजही नव्हती. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने याच पट्ट्यात परवान्याशिवाय संदेश पाठवायला मुभा दिली आणि गर्दी सुरू झाली. भट्ट्यांसाठी सोडलेली जागा आहे, इथे गोंगाट होणारच, चालत असेल तर बसा, असा एकंदर मामला होता.

वाय-फायचं पहिलं मानक आलं १९९७ मध्ये. पट्टी हीच, २.४ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षी आलेला पेंटियम-२ प्रोसेसर चालत होता २३३ ते ३०० मेगाहर्ट्झवर (हजार मेगाहर्ट्झचा एक गिगाहर्ट्झ), म्हणजे वाय-फायच्या आकड्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यावर. प्रोसेसरांनी २.४ गिगाहर्ट्झ गाठलं २००२ मध्ये, वाय-फायनंतर पाच वर्षांनी. मग ३०० च्या प्रोसेसरने २४०० ची लहर झेलली कशी?

झेललीच नाही. ते काम त्याचं नाहीच. लॅपटॉपमध्ये वाय-फायची वेगळी चिप असते, तिला ठोका देणारा स्फटिक वेगळा, तिचा ठोका वेगळा. अँटेनातून आलेल्या लहरीत ती स्वतःची जवळपास तितक्याच वारंवारतेची लहर मिसळते. दोन्हींतला फरक तेवढा शिल्लक राहतो आणि तो फरक जेमतेम काही मेगाहर्ट्झचा असतो. दोन तंबोऱ्यांच्या तारा अगदी जवळ आल्या की जो सावकाश हेलकावा ऐकू येतो ना, तसंच काहीसं. त्यातून बिट वेचले जातात आणि प्रोसेसरच्या हाती पडतात ते नुसते बिट. ते २.४ च्या पट्टीतून आले की ५ च्या, हे त्याला कळतही नाही. तेव्हा खुशाल ५ वर जा.

वेगाबद्दल एवढंच पाहा: १९९७ च्या त्या वाय-फायचा वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. आज त्याच पट्टीवर शेकडो मेगाबिट जातात. पट्टी तीच राहिली, ताना वाढल्या.

आता प्रोसेसरवरचा आरोप. त्याचा ठोका नखाएवढ्या सिलिकॉनच्या आत फिरतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिला धड हवेत फेकायचं तर तीनेक सेंटिमीटरची अँटेना हवी. चिपच्या आतल्या तारा त्यामानाने सूक्ष्म, आणि वर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा बसलेला. शिवाय तुम्हीच लिहिलंय की उड्या चालू असताना वेग ३.८ होता. म्हणजे तो २.४ वर नव्हताच!

आणखी एक गंमत सांगतो, विषयांतर होईल पण राहवत नाही. बऱ्याच संगणकांत प्रोसेसरला बाहेरून १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका मिळतो, आत त्याला २४ ने गुणलं की २४००. हा मूळ ठोका अनेकदा मुद्दाम डळमळता ठेवतात, अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली नेतात आणि परत आणतात. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १०० च्या जागी ९९.७ किंवा ९९.८ दिसतं ते त्यामुळेच. का ठेवतात? आमच्यासाठी! ठोका एका जागी स्थिर असेल तर आमच्या पडद्यावर उंच सुळका दिसतो आणि यंत्र नापास होतं. डळमळवला की सुळक्याची टेकडी होते आणि यंत्र पास. एकूण गोंगाट तेवढाच, फक्त पसरलेला. या सोयीला आम्ही आपसात कायदेशीर लबाडी म्हणायचो. २.४ गिगाहर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे १२ मेगाहर्ट्झ. वाय-फायचं साधं चॅनेलच (पट्ट्यातली एका राऊटरने धरलेली जागा) २० मेगाहर्ट्झ रुंद. तिथे असा डळमळीतपणा केला तर गायक शेजारच्या बैठकीत जाऊन गाऊ लागेल. वाय-फायला दहा लाखांत वीस-पंचवीसपेक्षा जास्त चूक चालत नाही. एकाच लॅपटॉपच्या पोटात हा शिस्तीचा आणि तो मुद्दाम झुलणारा, असे दोघे नांदतात.

मग गुन्हेगार कोण? माझा संशय हार्ड डिस्कच्या तारेवर आहे. डिस्क यूएसबी ३ ची असणार, आणि माउसचा संकेत पकडणारं ते चिमुकलं डोंगल तिच्या शेजारच्याच भोकात खोचलेलं असणार. बरोबर?

यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५०० कोटी बिट जातात. शून्य-एक-शून्य-एक असे आळीपाळीने गेले तर दोन बिट मिळून एक लहर, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्षात बिट मुद्दाम विस्कटून पाठवतात, त्यामुळे एकच सुळका न दिसता गोंगाटाची लांबच लांब चादर पसरते आणि तिच्या मध्यावर सापडतो २.४ चा पट्टा. तो गाळून टाकावा म्हटलं तर तीच तर तुमची फाईल आहे, गाळणार काय? प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ मध्ये या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यात मोजलेला आकडा असा की यूएसबी ३ ची डिस्क लावल्यावर २.४ च्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट.

हा गोंगाट मुळात अत्यंत क्षीण असतो, हेही सांगायला हवं. पण पलीकडून येणारा संकेत त्याहून फार मोठा नसतोच. राऊटर साधारण वॅटचा दहावा भाग फेकतो, आणि तुमच्यापर्यंत वॅटचा अब्जावा भाग पोचला तरी आपण ‘रेंज चांगली आहे’ म्हणतो. माउस तर बॅटरी जपायला आणखी हळू बोलतो. तो कुजबुजतोय आणि डोंगलच्या कानाशी, दोन सेंटिमीटरवर, डिस्कचा प्लग मिक्सर लावून बसलाय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. डिस्क काढून ठेवा आणि प्रोसेसरला दुसऱ्या कशानेतरी दमवा, मोठा व्हिडिओ रूपांतरित करायला लावा. पंखा घोंघावेल, वेग चढेल. माउस सरळ चालला तर प्रोसेसर निर्दोष. मग डिस्क लावा पण डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला खोचा. त्यानंतर डोंगल हातभर यूएसबी तारेच्या टोकाला लावून लांब ठेवा. आणि जुनं यूएसबी २ चं भोक असेल तर डिस्क तिथे लावून बघा. कॉपी रांगेल, पण गोंगाट जायला हवा.

उंदीरत्रस्त

डोंगल खरंच डिस्कच्या शेजारच्या भोकात आहे. तुम्ही न बघता ओळखलंत, जरा भीतीच वाटली.

प्रयोग उद्या करते, आज एक काम द्यायचंय. तोवर एक शंका. पट्टीचं उदाहरण पटलं. पण मग ५ वर गेल्यावर वाय-फाय खरोखर वेगवान का वाटतं? आत्ताच जाऊन बघितलं, फरक चांगलाच जाणवला. आणि ०.८ ते ३.८ चं काय?

दुसरी_पाळी

०.८ आणि ३.८ चं मी सांगतो, रात्रभर सर्व्हरचे आलेखच बघत असतो.

खोक्यावरचा २.४ हा मूळ वेग. ठरलेल्या वीज आणि उष्णतेच्या मर्यादेत प्रोसेसरमधले सगळे गाभे (कोअर) कामाला जुंपले तरी निदान एवढा वेग टिकवू, असं बनवणाऱ्याचं आश्वासन. काम नसेल तर प्रोसेसर ०.८ वर येऊन डुलक्या काढतो, वीज वाचते. एकदम काम आलं आणि अंगात गरमी नसेल तर ३.८ किंवा जे काही कमाल असेल तिथे उडी मारतो. तापला की हळूहळू खाली येतो. म्हणून फायली उतरवायला लावल्यावर पहिली काही मिनिटं ३.८ आणि मग २.९, २.७ असं दिसेल. बिघाड नाही.

बंड्याभाऊ विचारणारच म्हणून आधीच लिहून ठेवतो: १० गिगाहर्ट्झचे प्रोसेसर का आले नाहीत? मार्च २००० मध्ये इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने १ गिगाहर्ट्झ गाठलं, इंटेलने दोन दिवसांनी. २००४ मध्ये पेंटियम-४ ३.८ वर पोचला. चार वर्षांत जवळपास चौपट! त्या वेगाने आज आपण कुठच्या कुठे असतो. पण प्रत्येक ठोक्याला वीज जळते, आणि ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत. आधी ट्रान्झिस्टर लहान होत तसा दाबही खाली आणता यायचा, म्हणून निभत होतं. एका टप्प्यानंतर दाब आणखी उतरवला की बंद स्विचमधूनही वीज झिरपायला लागली. दाब उतरेना, ठोके वाढवावे तर चिप तापे. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत गुंडाळला. तिथून पुढे गाभे वाढवणं आणि एका ठोक्यात जास्त काम उरकणं, हा मार्ग. आजचा २.४ चा प्रोसेसर २००४ च्या ३.८ वाल्याला सहज मागे टाकतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे पावलं मोजून शर्यतीचा निकाल लावणं. ढांग किती मोठी हे बघायला नको?

बिनधास्त_बंड्या

मी विचारणारच होतो 😄 ठीक आहे, कागद काढला. पण ५जी चं तरी बरोबर ना?

कथील_रोझीन

नाही रे बाबा. ५जी मधला जी पिढीचा, मोबाईलच्या जाळ्याची पाचवी पिढी. ५ गिगाहर्ट्झमधला ग गिगाचा. ५जी चं जाळं ७०० मेगाहर्ट्झवर चालतं, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, काही ठिकाणी २६-२८ वरही. घोळ करतात ते राऊटरवाले. वाय-फायच्या नावाला शेपूट जोडतात ‘५जी’ आणि मोकळे होतात. नाव बदलून टाका, मी स्वतःच्या राऊटरवर ‘वरची पट्टी’ ठेवलंय.

ताईंची शंका रास्त आहे. ५ वेगवान वाटतं ते आकडा मोठा म्हणून नव्हे, जागा मोठी म्हणून. २.४ चा अख्खा पट्टा साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ रुंद. त्यात २० मेगाहर्ट्झची, एकमेकांवर न चढणारी चॅनेलं बसतात फक्त तीन: १, ६ आणि ११. सगळे शेजारी त्या तिघांतच, वर ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत सगळ्यांमधून वाट काढतंय, माउस, खेळण्यातली ड्रोन, मायक्रोवेव्ह ओव्हन. ५ गिगाहर्ट्झकडे त्याच्या कित्येक पट जागा मोकळी. तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल सर्रास घेता येतं. एका अँटेनाचा हिशोब सांगतो (इथले ४ आणि ५ हे वाय-फायच्या पिढ्यांचे आकडे, पट्टीचे नव्हेत): वाय-फाय ४ ला २० मेगाहर्ट्झ रुंदीत कमाल ७२ मेगाबिट, वाय-फाय ५ ला ८० मेगाहर्ट्झमध्ये ४३३. मोठा वाटा रुंदीचा, उरलेला एकेका लहरीवर जास्त बिट लादण्याच्या कसबाचा. पट्टी वर नेल्याचं श्रेय त्यात शून्य. उद्या २.४ मध्ये ८० मेगाहर्ट्झ मोकळी जागा कोणी एकट्याला दिली तर तिथेही हाच वेग निघेल.

उलट वरच्या पट्टीचा तोटाच होतो. लहर सहा सेंटिमीटरच्या खाली येते, अँटेना लहान होते आणि लहान अँटेना कमी शक्ती गोळा करते. शिवाय भिंती ५ ला जास्त खातात. टेबलाशी ५ वापरा, आतल्या खोलीत २.४ कडे परत यावं लागलं तर नवल नाही.

मायक्रोवेव्हवरून आठवलं. ‘२.४५ गिगाहर्ट्झला पाण्याचे रेणू बरोबर थरथरतात म्हणून ओव्हन त्या आकड्यावर’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. पाणी लहर सर्वात जोराने शोषतं ते याहून कितीतरी वर, वीस गिगाहर्ट्झच्या आसपास. ओव्हन २.४५ वर आहे कारण तो पट्टा त्यांना नेमून दिलेला होता.

निम्मंशिम्मं

काका, एक माझंही घ्या. माझ्या स्मार्ट बल्बला ५ चं वाय-फाय दिसतच नाही. आणि त्यातल्या चिपची माहिती काढली तर ईएसपी३२ निघाली, प्रोसेसर २४०! मला वाटलं २.४ आणि २४० म्हणजे एकच गोष्ट, कोणीतरी टिंब खाल्लं. म्हणून बल्ब २.४ लाच चिकटतो, असं मी सगळ्यांना समजावूनही सांगितलं 🙈

कथील_रोझीन

वा! याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. २४० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झचं वाय-फाय, एकाच चिपमध्ये. मी वर पेंटियम-२ चं सांगितलं तेच, फक्त बल्बच्या टोपीत बसलेलं. अंकांचं साम्य निव्वळ योगायोग. बल्बला ५ दिसत नाही कारण त्या चिपमध्ये ५ ची रेडिओ-बाजूच बसवलेली नाही. ती बसवायची तर खर्च वाढतो, आणि दिवा लाव-बंद कर एवढं सांगायला ८० मेगाहर्ट्झ कशाला हवेत?

पण योगायोगाने आकडे खरंच एकमेकांवर बसले आणि भांडण झालं, असंही घडतं हो. फक्त तिथेही प्रोसेसर नसतो, लांब तारा असतात. एका छोट्या, एकाच बोर्डाच्या संगणकाची गोष्ट आहे. स्क्रीन २५६० गुणिले १४४० वर ठेवली की वाय-फाय गायब, १९२० गुणिले १०८० वर आणली की हजर. लोक चक्रावले. त्या मोठ्या रिझोल्यूशनला एचडीएमआयचा, म्हणजे स्क्रीनला जाणाऱ्या तारेचा, पिक्सेलचा ठोका असतो २४१.५ मेगाहर्ट्झ. त्या तारेत आतल्या बारीक तारांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक पिक्सेलमागे एकेका जोडीतून दहा बिट जातात. गुणा: २४१५. वाय-फायच्या १ नंबरच्या चॅनेलचा मध्य: २४१२. चॅनेल ११ वर नेलं की बऱ्याचदा काम भागायचं.

मेमरीचंही तसंच. डीडीआर५ या पिढीच्या मेमरीतल्या ४८०० प्रकाराचा खरा ठोका बरोबर निम्मा, २४०० मेगाहर्ट्झ, आणि तो बोर्डावरच्या काही सेंटिमीटरच्या तारांमधून पळतो. म्हणून काही लॅपटॉपांत वाय-फाय कुठल्या चॅनेलवर बसलंय ते पाहून मेमरीचा ठोका किंचित सरकवण्याची सोय केलेली असते. लॅपटॉपच्या आत हे मानपान सतत चालू असतात, आपल्याला पत्ता नसतो.

जुन्या काळी तर लोकांनी याचीच मजा केली. १९७५ चा अल्टेअर ८८०० हा संगणक, ठोका २ मेगाहर्ट्झ. त्याच्यावर साधा एएम रेडिओ ठेवला की आत चाललेल्या प्रोग्रामची खरखर ऐकू यायची. एका हौशी पठ्ठ्याने प्रोग्राममधली आवर्तनं अशी मोजून मापून लिहिली की त्या खरखरीतून चक्क गाण्याची चाल निघाली. आमच्या प्रयोगशाळेत ते यंत्र आलं असतं तर दारातूनच परत गेलं असतं.

उंदीरत्रस्त

अहवाल.

पहिला प्रयोग: डिस्क काढली, एक तासाभराचा व्हिडिओ रूपांतरित करायला लावला. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत होता, वेग ३.६ च्या वर. माउस लोण्यासारखा. प्रोसेसरची जाहीर माफी मागते.

दुसरा: डिस्क मूळ जागी, डोंगल शेजारी. कॉपी सुरू केल्यावर दहा सेकंदांत उड्या चालू. डोंगल पलीकडच्या बाजूला नेलं तर उड्या कमी झाल्या, पण मजकूर निवडताना अजून हिसके.

तिसरा: डिस्क यूएसबी २ च्या भोकात. माउस सुरळीत. कॉपीला आधी ‘१२ मिनिटं’ दाखवत होता, आता ‘१ तास ४० मिनिटं’. दहा मिनिटं वाट पाहून नाद सोडला.

चौथा: जुन्या वेबकॅमबरोबर आलेली वाढीव यूएसबी तार कपाटात सापडली, सुमारे मीटरभर. डोंगल तिच्या टोकाला, डिस्क परत वेगवान भोकात. माउस एकदाही अडखळला नाही. वाय-फाय ५ वर ठेवलंय, तेही रखडलं नाही. आतल्या खोलीत मात्र तुम्ही म्हणालात तसंच, दार लावलं की ५ गळतं आणि २.४ कडे यावं लागतं.

कथीलकाका, एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. एकच नवी अडचण आहे. डोंगल आता तारेच्या टोकाला टेबलाच्या कडेवरून लोंबतं, आणि घरातल्या मांजरीला ते फार आवडलंय. सकाळपासून तीन वेळा उपटलं.

बिनधास्त_बंड्या

टेपने चिकटवा की ताई, टेबलाखालून.

कथील_रोझीन

टेप चालेल. टेबल लोखंडी नसेल तर खालून, लोखंडी असेल तर वरच. आणि जागा मोकळी दिसली म्हणून डिस्कच्या पाठीवर चिकटवू नका.